चारबागेतले तेरावे पान

चारबाग स्टेशनसमोर उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो : बाग कुठे आहे? चार भागांत आखलेली नवाबी बाग इथे होती. 1914 मध्ये स्टेशनची पायाभरणी झाली आणि बाग नावापुरती उरली. बदलीवर लखनौला येऊन मला आठ महिने झाले होते, तरी पुण्याहून आणलेली तीन खोकी तशीच बांधलेली होती. परत तर जायचेच आहे, असे मी स्वतःला सांगत होते.

त्याच दिवसांत मैत्रिणीने दिलेला टॅरोचा कॅट हाती लागला. भविष्यावर माझा विश्वास नाही, आणि या पानांचा इतिहासही तो ठेवू देत नाही. 15व्या शतकात उत्तर इटलीत ती खेळण्यासाठी निघाली. 1781 मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ यांनी ती प्राचीन इजिप्तची विद्या असल्याचे पुराव्याविना लिहिले, आणि खेळाच्या पानांवर भविष्य सांगण्याची प्रथा फोफावली.

आज सर्वांत ओळखीची चित्रे 1909 ची, पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेली. त्यांतले तेरावे पान मृत्यूचे. चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावरून येतो आहे. राजा आडवा पडला आहे, धर्मगुरू हात जोडून विनवतो आहे, तरुणीने तोंड फिरवले आहे. लहान मूल तेवढे घोड्याकडे बघते आहे. टॅरोवाले या पानाचा अर्थ मरण असा सहसा लावत नाहीत. जुने संपून नवे सुरू होणे, असा लावतात. पुढे काय होणार हे पान सांगत नाही. या चौघांत तू कोण, एवढे मात्र ते विचारते. मी तोंड फिरवणारी होते.

मग 1916 चा डिसेंबर आठवला. सुरतेच्या फुटीनंतर 9 वर्षांनी टिळक लखनौच्या अधिवेशनात काँग्रेसमध्ये परतले होते. मुस्लिम लीगशी करार करायचा, तर विभक्त मतदारसंघ मान्य करावे लागणार होते. मदनमोहन मालवीयांसारख्यांचा त्याला विरोध होता. टिळकांनी कराराची बाजू घेतली. लढा तिरंगी आहे तोवर फायदा सरकारचा, तो दुरंगी झाला पाहिजे, असा त्यांचा हिशेब. विभक्त मतदारसंघांची किंमत पुढे देशाने मोजली, असे म्हणणारे इतिहासकार आहेत. म्हणजे बदलाकडे डोळे उघडून बघणाऱ्याचाही हिशेब चुकू शकतो. पण काय सोडतो आहोत आणि कशासाठी, हे त्याला सांगता येते. मला ते सांगता येत नव्हते.

त्या रात्री एक खोके उघडले. वरच मिसळणाचा डबा होता. रिकामाच, पण झाकण काढताच हिंगाचा वास आला. सकाळी चारबागेजवळच्या किराणा दुकानातून मोहरी, जिरे, हळद आणून तो भरला. दोन खोकी अजून बाकी आहेत.