कवि नर्मदाचा कोश

कवि नर्मदाची कीर्ति त्याच्या कवितेवर व सुधारणेच्या आवेशावर उभी आहे. माझ्या मतें त्याचें खरें स्मारक त्याचा कोश होय.

१८३३ सालीं सुरतेस जन्मलेल्या नर्मदानें १८५८ सालीं मुंबईंतील शिक्षकाची नोकरी सोडली आणि लेखणीवरच निर्वाह करण्याची प्रतिज्ञा केली. १८६४ सालीं काढलेल्या ‘दांडियो’ पाक्षिकांतून त्यानें रूढींवर प्रहार केले. परंतु त्याच सुमारास तो गुजराती शब्दही वेंचीत होता. गुजराती शब्दाचा अर्थ गुजरातींतच सांगणारा पहिला कोश, ‘नर्मकोश’, १८७३ सालीं पूर्ण झाला. ‘जय जय गरवी गुजरात’ हें प्रसिद्ध गीत त्यानें ह्या कोशासाठींच रचलें. जें काम विद्वन्मंडळाचें, तें एका कर्जबाजारी कवीनें एकट्यानें तडीस नेलें.

त्याचें फळ काय? २४ वर्षें पाळलेली प्रतिज्ञा १८८२ सालीं मोडून त्याला पुन्हां नोकरी पतकरावी लागली. १८८६ सालीं मुंबईंतच तो निवर्तला. ह्या प्रतिज्ञाभंगाचा दोष कवीचा, कीं ज्यांच्यासाठीं तो झिजला त्या समाजाचा? गीत आजही गाइलें जातें. कोश मात्र क्वचितच उघडला जातो. भाषेवर प्रेम असेल, तर तिचे शब्द जपणाऱ्याचा संसारही समाजानें जपला पाहिजे.