काकांची गोळी

दिवाळीत गोंदियाला गेलो होतो. काकांच्या टेबलावर अमिओडॅरोनची पट्टी दिसली. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून ठोके सुसाट सुटून ते अंगणातच कोसळले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी छातीत यंत्र बसवायला सांगितलंय, पण काका ऐकेनात. "गोळीनं ठोके बरोबर चालून राह्यले ना बे, मंग यंत्र काऊन?"

प्रश्न रास्त वाटला. वीकएंड त्यात घालवला.

तसं या औषधांशी आपलं नातं जुनं आहे. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळांतून अजमलीन वेगळं काढलं, आणि त्याला हकीम अजमल खानांचं नाव दिलं. पुढे ते ठोक्यांवर वापरलं गेलं. असो.

खरी गोष्ट १९८०च्या दशकातली. हार्ट अटॅकनंतर ज्यांचे मधूनच जादा ठोके पडतात, ते अचानक दगावण्याचा धोका जास्त, हे ठाऊक होतं. मग ठोके दाबा, माणूस वाचेल! फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड ठोके झकास दाबायची. अमेरिकेत 'कास्ट' नावाची चाचणी सुरू झाली. गंमत बघा, तीत ज्यांचे ठोके औषधानं आधीच दबले होते, त्यांच्यातच चिठ्ठ्या टाकून काहींना औषध आणि काहींना बिनऔषधाची गोळी दिली. १९८९ मध्ये या दोन औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. १९९१चा अहवाल सांगतो: औषधवाल्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, बाकीच्या ७४३ जणांत २६. ईसीजी सुधारला, माणसं गेली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हे नेहमी करतो. लॉगमधल्या वॉर्निंग दाबायच्या, स्क्रीन स्वच्छ, आणि मध्यरात्री सर्व्हर आडवा. तो निदान रीस्टार्ट तरी होतो.

अमिओडॅरोन त्या दोघांसारखं नाही. पण त्यात आयोडीन भरपूर, म्हणून थायरॉईडवर नजर ठेवावी लागते, फुप्फुसांवरही. १९९७च्या 'ॲव्हिड' चाचणीत काकांसारखे १०१६ पेशंट होते. निम्म्यांना यंत्र, निम्म्यांना औषध, तेही बहुतेक अमिओडॅरोनच. वर्षानंतर यंत्रवाले ८९.३ टक्के हयात, औषधवाले ८२.३. ठोका बिघडलाच तर यंत्र तिथल्या तिथे झटका देतं. गोंदियाहून नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या वर, आणि हा खेळ मिनिटांचा.

फोनवर काकांना आकडे सांगितले. थोडा वेळ गप्प.

"सात टक्के म्हंजे शंभरात सात माणसं ना?"

"हो काका."

"तारीख घे मंग."