साफ

गेल्या वर्षी जुन्या लाकडी जहाजांच्या जीर्णोद्धारावरचं एक इंग्रजी पुस्तक अनुवादासाठी माझ्याकडे आलं. पहिली तीन प्रकरणं फारशी कुरकुर न करता झाली. चौथ्यात, रंगकामाच्या प्रकरणात, मी अडकले ती 'फेअर' या शब्दापाशी. न्याय्य नव्हे, गोरा नव्हे, जत्राही नव्हे. रंग लावण्याआधी जहाजाचं अंग 'फेअर' करायचं, आणि त्यात महिनेच्या महिने जातात, एवढंच लेखकानं सांगितलं होतं. मी आधी 'गुळगुळीत' लिहिलं. मग लक्षात आलं की गुळगुळीत तर खड्डासुद्धा असू शकतो.

जहाजाची फळी सपाट असते आणि ती ज्या फासळ्यांवर बसते त्या वाकलेल्या. त्यामुळे दोन फळ्या जिथे भेटतात तिथे बारीकशी धार उभी राहते, आणि लांबून पाहिलं तर जहाजाचं पोट गोल न दिसता पैलू पाडल्यासारखं दिसतं. हे पैलू वाकसाने तासायचे, मग रंध्याने काढायचे, मग लांब लवचीक पाटीला घासकागद लावून तिरकं घासत जायचं. आधी या बाजूनं तिरकं, मग त्या बाजूनं. आखूड पाटी चालत नाही, कारण ती खड्ड्यात उतरते आणि खड्डा आणखी खोल करते. लांब पाटी मात्र खड्ड्यावरून पूल टाकल्यासारखी जाते आणि फक्त उंचवटे खाते. नाळेपासून वरामापर्यंत एक पातळ पट्टी अंगाला टेकवली आणि तिच्याखाली कुठेच उजेड दिसला नाही, की काम झालं. या सगळ्याला मराठीत काय म्हणायचं ते मला कोशात सापडेना, म्हणून मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी गेले.

तिथे एक जुना मचवा काठावर ओढून, ओंडक्यांवर टेकवून ठेवला होता. मिस्त्री सत्तरीच्या आसपासचे. मी कशासाठी आले हे सांगितल्यावर ते थोडे हसले आणि म्हणाले, "बाई, डोळे मिटा. डोळा फसवतो. हात फिरवा."

मी हात फिरवला. "काय लागलं?"

"काही नाही, काका."

"बोटं नुसती नका फिरवू. खांद्यापासून हात न्या."

दुसऱ्या खेपेला तळव्याखाली काहीतरी उठल्यासारखं वाटलं आणि विरलं. त्यांनी तिथे खडूनं फुली मारली. संध्याकाळी परत बोलावून त्यांनी बॅटरी मचव्याच्या अंगाला जवळजवळ चिकटवून धरली. दुपारी मला निर्दोष वाटलेलं ते लाकूड सावल्यांनी भरून गेलं होतं, पावसानंतरच्या वाळूसारखं. तेवीस फुल्या झाल्या.

"याला तुम्ही काय म्हणता?"

"कशाला?"

"हे जे चाललंय त्याला."

"साफ करतोय होडी," ते म्हणाले. माझ्या प्रश्नातच काहीतरी खोट आहे असा त्यांचा चेहरा होता.

मी आनंदानं 'साफ' लिहिलं. संपादकांनी ते बदलून 'स्वच्छ' केलं. जहाज 'स्वच्छ' करायला चार महिने लागले, असं वाक्य तयार झालं. चार महिन्यांची सुतारकी एका बादलीत बुडाली. मी भांडले. तेव्हा मला विचारण्यात आलं की या अर्थाला छापील आधार काय? मिस्त्रींचा हात हा छापील आधार नव्हता. त्या शोधात मी जे वाचत गेले ते माझ्या भांडणाला फारसं उपयोगी पडलं नाही, पण त्यानं मला मुंबईच्या गोदीत नेऊन सोडलं.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे. तिथे 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका पाण्यावर तरंगते आहे. अजूनही तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये ती सर्वांत जुनी. ती १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडमधला ओक कमी पडू लागला होता आणि मलबारचा साग मुंबईत मिळत होता, म्हणून ती इथे बांधली गेली. तिचे आराखडे घेऊन निघालेलं 'जावा' हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'च्या हाती पडलं आणि जाळलं गेलं. मग आराखडे पुन्हा पाठवावे लागले. बांधणारे होते जमशेटजी बोमनजी वाडिया. लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून आपले सुतार घेऊन मुंबईत आले, त्यांच्याच घराण्यातले हे.

सुरतेहून फक्त माणसं आली नाहीत, फळी जोडण्याची रीतही आली. १७७० च्या दशकात सुरतेला आलेला डच दर्यावर्दी स्टाव्होरिनस हे बघून चकित झाला होता. युरोपात फळीची सपाट कड दुसऱ्या फळीच्या सपाट कडेला भिडवत आणि मधली फट बुजवत. सुरतेत एका फळीला खाच आणि दुसरीला जीभ काढत, मध्ये राळ आणि कापूस घालत, आणि दोन्ही अशा बसवत की सांधा शोधावा लागे. म्हणजे अंग साफ करण्याचं निम्मं काम फळी चढवतानाच उरकलेलं असे. आमचे मिस्त्री ज्या धारेशी रंध्यानं झगडत होते, ती धार उभीच राहू नये अशी ही तजवीज होती. महाग, वेळखाऊ आणि लाकूड खाणारी रीत. पण सागाचं जहाज पन्नास-पन्नास वर्षं चालवायचं तर परवडणारी.

जमशेटजींविषयी एक गोष्ट सांगितली जाते. १८०० साली बांधलेल्या 'कॉर्नवालिस' या जहाजाच्या आतल्या कण्यावर, पुढे झाकून जाईल अशा जागी, त्यांनी एक ओळ कोरली: हे जहाज एका मेल्या काळ्या माणसानं बांधलं. पुष्कळ वर्षांनी जहाज दुरुस्तीला परत आलं तेव्हा त्यांनीच ती जागा दाखवली म्हणे. गोऱ्यांच्या तोंडची शिवी त्यांच्याच शब्दांत कोरली होती, हे मला त्यातलं सर्वांत बोलकं वाटतं. मराठीत मी 'मेल्या' म्हटलंय. मूळ शिवी याहून कडू आहे आणि तिच्यात नरकाचा वास आहे, जो 'मेल्या'त नाही.

पण मुख्य सुताराचं नाव तरी राहिलं. फळीफळीमधल्या शिवणीत काथ्या ठोकणाऱ्यांचं काय राहिलं? त्यांच्या कामाचं नाव. किनाऱ्यावरच्या बोलीत त्याला 'कलापत्ती' म्हणत, काम करणाऱ्यालाही आणि कामालाही. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या कोशात या शब्दाचा माग आहे: तो पोर्तुगीज 'कालाफाते'वरून आला, आणि पोर्तुगीजांकडे तो गेला अरबीतून. एक अरबी शब्द भूमध्य समुद्रात शिरला, लिस्बनला पोचला, आफ्रिकेला वळसा घालून परत हिंदी महासागरात आला, आणि इथल्या खलाशांनी तो पोर्तुगीज म्हणून उचलला. १८११ मध्ये कलकत्त्यात टॉमस रोबक नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं खलाशांच्या या मिसळीच्या बोलीचा अख्खा कोश छापला, कारण हुकूम कळला नाही तर जहाज बुडतं. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्ही प्रभाव आणि आदानप्रदान यांवर दोन वर्षं घालवली, पण त्यात काथ्या ठोकणारा कुणी आला नाही.

काथ्यावर लेप. चुना आणि तेल कुटून केलेल्या, पाण्याला दाद न देणाऱ्या या लेपाला 'गलगल' म्हणत. मार्को पोलोनंही चुना, बारीक चिरलेला ताग आणि झाडाचं तेल एकत्र मळून जहाजाला थापतात, असं लिहून ठेवलंय. हा लेप किती दूर गेला होता ते १६२१ सालच्या एका तक्रारीवरून कळतं. जपानमधल्या हिराडो बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीचा प्रमुख रिचर्ड कॉक्स यानं रोजनिशीत नोंद केलीय की भाड्याच्या घरात गलगल कुटणं बंद करा, असा तिथल्या अंमलदाराचा निरोप आला. कारण? शेजारी राहणाऱ्या गाणाऱ्या नटाला पांढऱ्या चुन्याचा त्रास होत होता. जहाजबांधणीच्या इतिहासात त्या गायकाचा घसा एवढ्यापुरता आला आणि गेला. मला तो फार आवडतो.

मग रंग. पुस्तकात पहिल्या हातासाठी 'रेड लेड' होतं आणि मी सवयीनं 'शिशाचा लाल ऑक्साइड' लिहून पुढे गेले होते. दोन पानांनंतर थबकले. अहो, हा तर शेंदूर! गावोगावच्या मारुतीला तेलात कालवून लावतात तोच, जवसाच्या तेलात कालवून जहाजाच्या उघड्या लाकडाला आणि शिवणींना लावत. तेलाबरोबर तो घट्ट बसतो आणि पाणी आत जाऊ देत नाही. विषारी आहे, हे आता आपल्याला माहीत आहे. त्यावरचा पांढरा म्हणजे सफेता, तोही शिशाचाच, काळ्यासाठी काजळी. नेल्सनच्या काळातल्या पिवडीच्या पट्ट्यांची जागा पुढे पांढऱ्यांनी घेतली. 'ट्रिंकोमाली' आज दिसते ती अशीच, काळ्या अंगावर तोफांच्या खिडक्यांना सांधत जाणारा पांढरा पट्टा. तो पट्टा मात्र निर्दय असतो. अंगात जराशी लाट राहिली असली तर सरळ रेघ तिथे वाकडी दिसते. चांगल्या रंगाऱ्याला सुताराची चूक झाकता येत नाही.

पाण्याखालच्या भागात रंगाचं चालत नसे. तिथे लाकूड पोखरणारा किडा असतो. तो पिलू असताना सुईच्या टोकाएवढ्या भोकातून शिरतो आणि आतच मोठा होतो, त्यामुळे बाहेरून फळी धडधाकट दिसते. कोकणात आणि अरबांच्या जहाजांवर चुना-चरबीचा लेप दिला जाई, वरच्या अंगाला मुशीचं तेल. इंग्रजांनी १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. किडा थांबला, पण दोन वर्षांनी तपासलं तर लोखंडी खिळे खाऊन गेले होते. जिथे पत्र्याला गुंडाळलेला तपकिरी कागद चुकून तसाच राहिला होता तिथले खिळे मात्र शाबूत होते. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीनं तांबंच झिजू नये म्हणून त्याला लोखंडाचे, जस्ताचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं आणि त्यावर शिंपले-शेवाळ माजलं. तांबं थोडंथोडं विरघळतं म्हणूनच ते जिवांना दूर ठेवतं, हे तेव्हा कळलं.

'ट्रिंकोमाली'चं पुढे बरंच काही झालं. १८९७ नंतर तिला दुसरं नाव मिळालं, ती मुलांना दर्यावर्दीपण शिकवणारी शाळा झाली, आणि १९८७ मध्ये हार्टलपूलला पोचली तेव्हा तिची रया गेली होती. १९९० पासून २००१ पर्यंत काम चाललं. निम्म्याहून अधिक लाकूड अजून मूळचं आहे, असं तिथे अभिमानानं सांगतात. साग होता म्हणून.

पुस्तकाची मुद्रितं आली. बराच वाद झाल्यावर 'स्वच्छ' गेलं. मी एका शब्दाऐवजी तीन वाक्यं लिहिली: धार काढणं, उंचवटे खाणं, पट्टी टेकवणं, आणि चौथ्या वाक्यात, आता अर्थ कळेलच म्हणून, 'साफ' ठेवलं. ते राहू दिलं गेलं. 'रेड लेड'च्या जागी शेंदूर घातला.

त्याच आठवड्यात मिस्त्रींचा फोन आला. मचवा पाण्यात घातला होता. दोन दिवस आत पाणी येत राहिलं, मग फळ्या फुगल्या आणि थांबलं. शिवणीत लांबी जरा खोलगटच भरायला हवी होती, पोरानं काठोकाठ भरली. ती आता पिळून बाहेर आलीय, दोरीसारखी, सगळ्या अंगभर. "शेंदरासकट आलीय," ते वैतागून म्हणाले. "वर घेतल्यावर परत साफ करावी लागेल."