क्रिम्प-जोडाची कुळकथा

विजेच्या वायरमध्ये एकच जाड तार न घालता अनेक बारीक तारा पिळून घालण्याची रीत जुनी आहे. 1858 साली आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान समुद्रतळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या केबलीत तांब्याच्या सात तारांचा पीळ होता. एखादी तार तुटली तरी उरलेल्या तारांतून प्रवाह वाहत राहावा, हा त्यातला मोठा लाभ होता. पिळामुळे वायर लवचिक झाली, पण तिचे टोक यंत्राला पक्के कसे जोडावे, हा प्रश्नही त्याच पिळाने निर्माण केला.

उघडे टोक स्क्रूखाली दाबले की तारा फाकतात, काही बाहेर निसटतात, काही चिरडतात. म्हणून टोकाला डाख देण्याची, म्हणजे शिसे-कथिलाच्या मिश्रधातूने तारा एकजीव करण्याची पद्धत रूढ झाली. परंतु हा मऊ मिश्रधातू सततच्या दाबाखाली हळूहळू पसरतो आणि स्क्रूची पकड ढिली पडते. शिवाय डाख तारांमधून वर चढून जिथे थांबतो, तिथे ताठ आणि लवचिक भागांच्या सीमेवर कंपनाने तारा तुटू लागतात. ढिल्या जोडाचा रोध 0.1 ओहम झाला आणि त्यातून 16 अँपिअर प्रवाह वाहिला, तर नखाएवढ्या जागेत 25 वॉटहून अधिक उष्णता निर्माण होते, आणि वायरचे आवरण काळे पडते ते याच कारणाने.

डाखाविना जोड करण्याच्या उद्योगाला विसाव्या शतकात आकार आला. क्यूबामधील वीजव्यवस्था एकत्र जोडण्याच्या कामात असताना सांध्यांतील उणिवा जाणवलेल्या बर्न डिब्नर यांनी 1924 मध्ये बर्न्डी ही कंपनी काढली, तर 1941 मध्ये अमेरिकेत अंकस व्हिटेकर यांनी एअरक्राफ्ट अँड मरीन प्रॉडक्ट्स, अर्थात एएमपी, स्थापन केली. विमाने व जहाजे भराभर बांधण्याच्या त्या युद्धकाळात तारांवर धातूची नळी चढवून ती साच्यात दाबण्याचे तंत्र, म्हणजेच क्रिम्पिंग, डाख देण्यापेक्षा झटपट आणि एकसारखे ठरले.

या जोडाचे बळ दाबात आहे. दोन धातूंचे पृष्ठभाग वरवर पूर्ण टेकलेले दिसले तरी वीज मोजक्या सूक्ष्म बिंदूंतूनच जाते, हे राग्नार होल्म यांच्या संशोधनाने स्पष्ट केले. क्रिम्पिंगमध्ये नळी आणि तारा कायमच्या आकार बदलतात, त्यांवरचा ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो, कोऱ्या तांब्याला कोरे तांबे भिडते आणि हवा-ओलाव्याला आत शिरण्यास वाव उरत नाही. दाब कमी पडला तर पोकळ्या राहतात आणि जास्त झाला तर तारा बारीक होऊन तुटतात. म्हणूनच रॅचेटचे हत्यार पूर्ण मिटल्याशिवाय उघडत नाही आणि दाबाचा निर्णय मनगटावर सोडला जात नाही.

ज्याला वायरमन लग किंवा थिंबल म्हणतात ते, आणि स्क्रूखाली जाणाऱ्या टोकावर चढवायची फेरुल ही बारीक नळी, ही याच कुळातली साधने होत. फेरुलची मापे जर्मनीच्या डीआयएन 46228 या मानकात ठरलेली आहेत. आवरण सोलताना एकही तार न कापणे, सगळ्या तारा नळीत घालणे, वायरच्या मापाचाच लग निवडणे आणि त्याच लगासाठी बनवलेल्या हत्याराने तो दाबणे, एवढी शिस्त प्रत्येक कारागिराने पाळावी, आणि स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला डाख मुळीच देऊ नये.