पद्मिनी मोटारीचे आधुनिकीकरण
वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ला येथे तयार झालेली पद्मिनी आजच्या रस्त्यांवर सुरक्षित व चपळ चालावी म्हणून तिच्यात केले जाणारे फेरबदल. फियाट 1100 वर आधारलेल्या या मोटारीला 1089 घ. सेंमी.चे, सुमारे 40 अश्वशक्तीचे इंजिन, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. अमेरिकेत 1964 च्या पाँटिॲक जीटीओसारख्या शक्तिशाली गाड्यांत असे बदल करतात ते मुख्यतः वेगासाठी; पद्मिनीत मात्र पहिला पैसा थांबण्यावर खर्चावा.

उतारावर वारंवार दाबलेला ड्रम तापतो, त्याची पकड सुटत जाते आणि पेडल अधिकाधिक जोराने दाबावे लागते. म्हणून पुढे डिस्क व सोबत व्हॅक्यूम बूस्टर बसवतात. त्याआधी झिजलेले बुश, सैल स्टीअरिंग आणि बसलेले पाटे दुरुस्त करणे अत्यावश्यक. नवे रेडियल टायर हे दोष झाकत नाहीत. इंजिन शेवटी बदलावे. प्रीमियरच्याच 118 एनई मोटारीचे निसान बनावटीचे 1171 घ. सेंमी.चे इंजिन अधिक जोरकस आहे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार इंजिनबदलाची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात लागते. उदाहरणार्थ, नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या मालकाला त्यासाठी नांदेडचे परिवहन कार्यालय (एमएच-26) गाठावे लागते. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी हवी असेल, तर मूळ इंजिन व सांगाडा मुळीच छेडू नये.