लव्हडेलचा मनोरा आणि पोरकी मुलं

वेलिंग्टनला स्टाफ कोर्स केलेल्या अधिकाऱ्यांना लव्हडेल ओळखीचं आहे. निलगिरीच्या छोट्या गाडीतलं उटीच्या अलीकडचं हे स्टेशन. इथेच लॉरेन्स स्कूलची कमानींच्या ओळी आणि सुमारे १३० फूट उंच मनोरा असलेली जुनी इमारत आहे. नवखा माणूस तिला एखाद्या राजाचा उन्हाळी महाल समजेल. प्रत्यक्षात ती बांधली गेली सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी.

सर हेन्री लॉरेन्स हा बंगाल आर्टिलरीचा अधिकारी. मैदानी छावण्यांत गोऱ्या सोजिरांची मुलं तापाने, पटकीने दगावत आणि बाप गेला की उरलेल्यांना वाली राहत नसे. त्यांना थंड हवेत ठेवून शिकवावं, म्हणून त्याने १८४७ मध्ये कसौलीजवळ सनावरला पहिलं 'लॉरेन्स असायलम' काढलं. १८५६ मध्ये अबूला दुसरं निघालं. ४ जुलै १८५७ रोजी लखनौच्या रेसिडेन्सीत लॉरेन्स जखमांनी मरण पावला. पुढच्याच वर्षी उटीला त्याच्या नावाचं तिसरं असायलम सुरू झालं आणि तेच नंतर लव्हडेलच्या या इमारतीत आलं.

इमारतीचा वास्तुविशारद रॉबर्ट चिझम. त्या वेळी तो ऐन तरुण होता. त्याने इटालियन गॉथिक शैली निवडली. टोकदार कमानी आणि चर्चच्या घंटाघरासारखा मनोरा ही तिचीच लक्षणं. निलगिरीत तेव्हा रेल्वेही नव्हती. अशा डोंगरात अनाथाश्रमासाठी एवढी भव्य वास्तू उभारावी, यातून सरकारला आपल्या सैनिकांना काय सांगायचं होतं ते कळतं: तुम्ही मेलात तरी मुलांचं आम्ही पाहू.

मराठी माणसाने चिझमचं दुसरं काम बहुधा पाहिलेलं असतं. कोल्हापूरचा नवा राजवाडा आखणाऱ्या मेजर मँटनेच बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसचं काम सुरू केलं होतं. १८८१ मध्ये तो वारला आणि सयाजीराव गायकवाडांचा तो महाल चिझमने १८९० मध्ये पुरा केला. तोवर चिझमच्या कामात घुमट, छत्र्या, जाळ्या आल्या होत्या. लव्हडेलला मात्र हिंदुस्थानी कारागिरीची छाप शोधावी लागते.

तसंच दाराच्या आतही होतं. लॉरेन्सच्या असायलममध्ये पहिली पसंती आई-बाप दोघेही युरोपियन असलेल्या मुलांना. मिश्र रक्ताच्या मुलांचा नंबर नंतर. आणि त्याच सैन्यात, त्याच मोहिमांत मेलेल्या हिंदी शिपायाच्या मुलाला तिथे जागाच नव्हती. त्याची विधवा गावी परतायची आणि मूल भाऊबंदांच्या आधाराने वाढायचं.

शिपायांच्या मुलांसाठी सरकारी निवासी शाळा निघायला पहिलं महायुद्ध व्हावं लागलं. झेलम आणि जालंधरच्या किंग जॉर्ज शाळा १९२५ मध्ये सुरू झाल्या. सनावरनंतर तब्बल ७८ वर्षांनी! पुढे अजमेर आणि १९४५ मध्ये आपल्या शेजारचं बेळगाव. जालंधरची शाळा फाळणीनंतर नौगावमार्गे चैलला गेली. चैल आणि सनावर आज एकाच सोलन जिल्ह्यात आहेत. गोऱ्या सोजिराच्या मुलाची शाळा आणि काळ्या शिपायाच्या मुलाची शाळा, दोन्ही एकाच डोंगररांगेत.

लव्हडेलचं असायलम १९४९ मध्ये संरक्षण खात्याकडून शिक्षण खात्याकडे गेलं आणि पब्लिक स्कूल झालं. आज तिथे देशभरातली मुलं शिकतात. हे चांगलंच झालं.

पण मला ती इमारत पाहताना तिच्या मूळ कारणाचा विसर पडत नाही. कंपनी कमांडर असताना शहीद जवानाच्या घरी मी गेलो आहे. पेन्शनचे कागद, विमा, अंगणात मांडलेल्या खुर्च्या हे सगळं उरकल्यावर वीरपत्नी एकच गोष्ट विचारते: "साहेब, पोरांच्या शाळेचं काय?" लॉरेन्सने हा प्रश्न ओळखला, पण आपल्याच लोकांपुरता. आपल्याला तो सगळ्यांसाठी सोडवायचा आहे. त्यासाठी १३० फुटी मनोरा लागत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत पुढे जावा लागतो आणि युनिटमधून कुणीतरी दर जूनमध्ये त्या घरी फोन करावा लागतो. निवृत्त मित्रांनो, हे काम आपणही करू शकतो.