बडोद्याची व्याख्यानपीठे आणि श्रोत्यांचा वाटा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीतील शिक्षक वर्गाबाहेरच्या व्याख्यानालाही शिक्षणाचाच भाग मानीत. तो संस्कार त्यांना या नगरीने दिला होता. म्हणून आजच्या निबंधासाठी मी बडोद्याच्या महाविद्यालयीन व विद्यापीठीय परिसरातील आणि त्याच्या आसपासच्या जाहीर व्याख्यानांचा इतिहास निवडला आहे. वक्त्यांची नामावळी देणे हा माझा हेतू नाही. या नगरीत व्याख्यानाकडून काय अपेक्षिले जात होते आणि श्रोत्यांचा त्यात कोणता वाटा होता, एवढेच मला पाहावयाचे आहे.

बडोदे कॉलेज १८८१ साली सुरू झाले. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणाऱ्या घुमटाची त्याची वास्तू रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाची. पाचच वर्षांनी, १८८६ साली, महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी मौलाबक्षांच्या देखरेखीखाली गायनशाळा काढली. दरबारात व घराण्यांत राखून ठेवलेली विद्या सामान्य नागरिकाच्या मुलाला शाळेत शिकता यावी, ही त्यामागील दृष्टी. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला, १९०६ साली तो सर्व संस्थानात लागू झाला आणि १९१० नंतर अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्या मार्गदर्शनाने सार्वजनिक वाचनालयांचे जाळे उभे राहिले. बडोद्यातील जाहीर व्याख्यानाची परंपरा या सर्व उद्योगांच्या कुशीत वाढली. ज्या संस्थानाला आपला प्रजाजन वाचता यावा असे वाटत होते, त्याला तो ऐकणारा आणि विचारणाराही व्हावा असे वाटणे स्वाभाविक होते.

या परंपरेतील पहिला प्रसंग २२ जुलै १८९९ चा आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात इंग्रजीचे प्राध्यापक अरविंद घोष यांनी भाषण केले. ते तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते आणि केंब्रिजहून परतून त्यांना सहाच वर्षे झाली होती. योगी म्हणून जगाला ठाऊक झालेले श्रीअरविंद ते हेच. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यार्थिजीवनाचे चित्र त्यांनी त्या दिवशी श्रोत्यांपुढे उभे केले. तेथील तरुणाची बुद्धी आणि चारित्र्य ही व्याख्यानगृहाइतकीच वादसभेत, क्रीडांगणावर आणि मित्रांच्या सहवासात घडतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. भाषण पुढे कॉलेजच्या नियतकालिकात छापले गेले. स्नेहसंमेलन म्हटले की नाटक, गाणी आणि फराळ एवढेच ज्यांच्या डोळ्यांपुढे येते, त्यांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा. त्या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांना विद्यापीठ या कल्पनेचाच अर्थ सांगितला जात होता.

दुसरा प्रसंग विद्यार्थ्यांनी स्वतः निर्माण केलेला आहे. विनायक नरहरी भावे, म्हणजे आपले विनोबा, बडोद्यात शिकत असताना १९१४ साली त्यांनी दहा-पंधरा मित्रांसह विद्यार्थी मंडळ स्थापन केले. मंडळाच्या नियमित सभा होत, सभासद भाषणे करीत आणि त्यांनी जमविलेला ग्रंथसंग्रह सुमारे १६०० पुस्तकांपर्यंत गेला होता. एका वर्षीची शिवजयंतीची कथा विनोबांनी पुढे स्वतः सांगितली आहे. स्वातंत्र्याच्या उपासकाचा उत्सव चार भिंतींत कसा करावयाचा, म्हणून ही मुले इतिहासाचा तास चुकवून बाहेर मोकळ्या जागी गेली. दुसऱ्या दिवशी दंड होणार हे ठाऊक असल्यामुळे दंडाचे पैसे खिशात घेऊनच ती वर्गात हजर झाली. सभेला जाण्याची किंमत असते आणि ती आपणच द्यावयाची असते, हे त्या मुलांना कोणी शिकविले नव्हते. १९१६ च्या मार्चमध्ये विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि सुरतेस उतरून काशीला गेले.

योगायोग असा की, त्याच मार्च महिन्यात बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. महाराजांचा आश्रय आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची योजना यांचे ते फळ होते. भातखंडे पेशाने वकील. त्यामुळे साक्षीपुराव्यावाचून विधान करावयाचे नाही, ही सवय त्यांच्या अंगी मुरलेली होती. उत्तर हिंदुस्थानी संगीताचा संक्षिप्त ऐतिहासिक आढावा हा त्यांच्या व्याख्यानाचा विषय होता. आज प्रत्यक्ष गायिले जाणारे संगीत प्राचीन ग्रंथांतील नियमांनी उलगडत नाही, त्याचे शास्त्र प्रचलित गायनावरूनच बांधावे लागेल, हे त्यांचे मत. संस्कृत ग्रंथांवर श्रद्धा ठेवणारे पंडित आणि घराण्याच्या तोंडी परंपरेवर निष्ठा ठेवणारे उस्ताद या दोघांनाही ते रुचण्यासारखे नव्हते. तरीही त्यांनी ते दोघांच्या समोर मांडले.

याच परिषदेत बावीस श्रुतींचा वाद रंगला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी गणिताने श्रुतींची स्थाने ठरवून त्याबरहुकूम श्रुतीची पेटी करविली होती. ती पेटी बडोद्यात आणली गेली. झाकिरुद्दीन खाँ आणि अल्लाबंदे खाँ हे थोर धृपदिये बंधू परिषदेस उपस्थित होते. कागदावरील गणित आणि गायकाच्या गळ्यातील स्वर यांची तुलना जाणत्यांच्या सभेत झाली आणि पेटीचा प्रत्यक्ष गायनाशी मेळ बसत नाही, असे मत पुढे आले. कोणाची बाजू खरी, हा वाद संगीतज्ञांनी नंतरही चालू ठेवला. आपल्या दृष्टीने महत्त्व आहे ते पद्धतीला. सरकारी अधिकाराच्या वजनावर किंवा घराण्याच्या दबदब्यावर निर्णय न सोपविता तो कानांवर सोपविला गेला. अतिया बेगम फैजी-रहमीन यांनीही त्या परिषदेत भाषण केले. १९१६ साली एका स्त्रीने उस्ताद-पंडितांच्या सभेत संगीतावर बोलावे, ही साधी गोष्ट नव्हे. पुढे दिल्ली, काशी व लखनौ येथे परिषदा भरल्या आणि १९२६ साली लखनौचे संगीत महाविद्यालय निघाले. त्याचे बीज बडोद्याच्या या सभेत पडले होते.

मराठीचा प्राध्यापक म्हणून येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. देशभरातून आलेल्या श्रोत्यांसाठी भातखंड्यांनी ते व्याख्यान इंग्रजीत दिले. परंतु त्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ मराठीत आहे आणि तो गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेला आहे. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, शिष्य पुन्हा विचारतो. शास्त्र सांगण्यासाठी त्यांना प्रश्न विचारणारा माणूस हवाच होता. सभेतील श्रोत्याला त्यांनी ग्रंथातही जागा दिली, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

१९३० साली रवींद्रनाथ ठाकुरांनी बडोद्यात ‘मॅन द आर्टिस्ट’ हे व्याख्यान दिले आणि संस्थानाने ते पुढे पुस्तिकारूपाने छापले. ३० एप्रिल १९४९ रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. दुसऱ्याच दिवशी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेले, पण त्याने जोपासलेली विद्या एका स्वायत्त संस्थेच्या स्वाधीन झाली. जुने कॉलेज आणि गायनशाळा दोन्ही विद्यापीठाच्या छत्राखाली आली. पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसा मेहता यांच्या कारकिर्दीत १९५० साली ललितकला विद्याशाखा सुरू झाली आणि १९६० च्या दशकात तिच्या कलामेळ्याने नागरिकांना विद्यापीठाच्या आवारात आणले.

या इतिहासात मराठी समाजाचा वाटा मोठा आहे. मराठी साहित्य संमेलन या शहरात १९०९, १९२१ आणि १९३४ साली भरले. १९६० नंतर आपण गुजरात राज्यातील एक भाषिक अल्पसंख्य समाज झालो. आपली संख्या, आपल्या शाळांचे पट आणि आपल्या सभांतील तरुण चेहरे कमी होत गेले. अशा काळात समाजाचा कल स्मरणरंजनाकडे झुकतो. सत्कार लांबतात, आभारप्रदर्शन रंगते आणि व्याख्यान संपताच खुर्च्या सरकू लागतात. वक्त्याला शंका विचारणे हा त्याचा उपमर्द मानला जातो. मला याची चिंता वाटते. संख्येने लहान असलेल्या समाजाची भाषा घरगुती बोलण्यावर काही पिढ्या तग धरते; पण ज्या भाषेत मतभेद मांडता येत नाही, तिच्याकडे बुद्धिमान तरुण फिरकत नाहीत. ते दुसऱ्या भाषेच्या सभागृहात जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांना माझी एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षापासून व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा. पहिला प्रश्न शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याने विचारावा आणि तो त्याने स्वतः शोधलेला असावा, शिक्षकांनी लिहून दिलेला नको. प्रश्न आणि त्यांची उत्तरे व्याख्यानाबरोबर या पुस्तिकेत छापावीत. उत्तर देता आले नाही, तर तेही छापावे. खर्च चार-सहा पानांचा येईल.

माझ्या आजच्या प्रतिपादनालाही हाच नियम लागू आहे. ज्यांना ते पटले नसेल, त्यांनी बोलावे. मी ऐकावयास बसलो आहे.